पाइनचं टिश्यू कल्चर: झाडाचं वय, बियांतली ऊती आणि नंतर जनुक

प्रश्न असा आहे: "चाळीस वर्षांचं एक पाइनचं झाड आम्ही निवडलं आहे. बुंधा सरळसोट, रोगराई नाही. त्याच्या सुया आणि कोवळे शेंडे पोषक माध्यमावर लावले, पण सहा महिन्यांत सगळं तपकिरी पडलं. केळीचं टिश्यू कल्चर एवढं सहज होतं, मग इथे काय चुकतंय? आणि पुढे याच झाडात कीडरोधक जनुक घालायचं असेल तर किती वर्षं धरायची?"

तुमचं तंत्र चुकलेलं नाही. झाडाचं वय आडवं आलं आहे. वीस वर्षांहून जास्त काळ स्प्रूस आणि पाइनच्या ऊतींवर काम करताना मी हा तपकिरी रंग इतक्यांदा पाहिला आहे, की कोणी "सुया लावल्या" म्हटलं तरी पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं. म्हणून उत्तर जरा मुळापासून देते.

केळीचा मुनवा म्हणजे दर वेळी नव्याने कोवळी होणारी ऊती. सूचिपर्णी झाडांचं तसं नाही. पाइन, स्प्रूस, फर, देवदार यांच्या ऊती वाढत्या वयाबरोबर प्रौढ होतात आणि ते प्रौढपण सहजासहजी सोडत नाहीत. चाळीस वर्षांच्या झाडाचा शेंडा तुम्हाला हिरवागार, लुसलुशीत दिसतो. पण पेशींच्या लेखी तो चाळीस वर्षांचाच असतो. काप घेतला की त्यातून फिनॉल नावाची रसायनं पाझरतात, हवेशी गाठ पडताच तपकिरी होतात आणि आपल्याच पेशी मारतात. शिवाय ऊतीच्या आत वर्षानुवर्षं वस्ती केलेल्या बुरशा असतात, त्या ब्लीचने वरून कितीही धुतलं तरी निघत नाहीत. हे सगळं पार करून एखादा कोंब आलाच, तर त्याला मूळ फुटत नाही. मूळ फुटलं, तर रोप आडवं वाढतं. फांदीपासून झालेलं रोप वर्षानुवर्षं फांदीसारखंच वागत राहतं. अरॉकेरियात हे इतकं ठळक असतं की आडव्या फांदीची कलमं जन्मभर आडवीच सरपटतात. कोस्ट रेडवुडसारखे अपवाद आहेत. ते झाड तोडल्यावर बुंध्यातून स्वतःच फुटतं, म्हणूनच १९५० मध्ये त्याच्या कॅलसमधून (घडण नसलेल्या पेशींच्या पुंजक्यातून) कोंब काढता आले होते. पाइनकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मग कोवळी ऊती आणायची कुठून? बियांतून. १९७५ मध्ये लाँगलीफ पाइनच्या बियांतल्या भ्रूणावर सायटोकायनिन हे कोंब फोडणारं संप्रेरक देऊन बीजपत्रांवर कोंब उठवले गेले आणि त्यांची पूर्ण रोपं झाली. पुढे न्यूझीलंडमध्ये रेडिआटा पाइनवर हीच वाट बरीच रुंद केली गेली. पद्धत खात्रीची आहे, पण कष्टाची: प्रत्येक कोंब हाताने सुटा करायचा, लांबवायचा, मुळावर आणायचा. खरं वळण आलं १९८५ मध्ये. नॉर्वे स्प्रूसच्या भ्रूणांपासून आणि युरोपीय लार्चच्या बीजातल्या मादी ऊतीपासून थेट कायिक भ्रूण, म्हणजे फलनाशिवाय ऊतीच्या पेशींतून घडलेले भ्रूण, तयार झाले. कोंब नाही, कलम नाही, बीज न पेरता भ्रूण. यालाच कायिक भ्रूणजनन म्हणतात, आणि सूचिपर्णींत आज जे काही गंभीर काम चालतं ते जवळपास सगळं याच पायावर उभं आहे.

हे इतकं चांगलं का चालतं याचं कारण मला अजूनही विलक्षण वाटतं. पाइनच्या बीजांडात फलन झालं की एकच भ्रूण तयार होत नाही. कोवळा भ्रूण स्वतःच चिरला जातो आणि त्याच्या चार जुळ्या प्रती होतात. त्यांच्यात चढाओढ लागते, एक जगतो, बाकीचे विरतात. म्हणजे पाइन दर बीजात स्वतःचे क्लोन करतच असतो. आपण नेमक्या त्या क्षणी बीज उघडतो, भ्रूणाला संप्रेरकं देतो आणि ती चिरण्याची क्रिया थांबू देत नाही. निसर्गात काही दिवस चालणारी गोष्ट ताटलीत महिनोन्महिने चालत राहते.

म्हणून वेळ फार जपावी लागते. पाइनमध्ये परागण आणि फलन यांत जवळपास वर्षाचं अंतर असतं; शंकू दुसऱ्या वर्षी पिकतो. त्या दुसऱ्या उन्हाळ्यात दोन ते चार आठवड्यांची खिडकी मिळते, भ्रूणाला बीजपत्रं येण्याच्या जरा आधीची. ती चुकली की वर्ष गेलं. स्प्रूस या बाबतीत उदार आहे, त्याच्या पक्व बियांतूनही ऊती निघते. पाइनमध्ये हिरव्या शंकूशिवाय हाताला काही लागत नाही.

कामाची रीत सांगते. हिरवा शंकू फोडून बिया काढायच्या, हायड्रोजन पेरॉक्साइडने किंवा सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करायच्या आणि लॅमिनार फ्लोमध्ये (जंतुविरहित हवेच्या कपाटात) टरफल सोलायचं. आत दुधी रंगाची मऊ गाभ्यासारखी ऊती असते, तिला मेगागॅमेटोफाइट म्हणतात. ही ऊती फक्त आईची, तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच. भ्रूण तिच्या पोटात असतो. पाइनमध्ये तो उकरायच्या फंदात पडू नका, अख्खा गाभा तसाच माध्यमावर ठेवा. माध्यमात २,४-डी हे ऑक्झिन आणि बेंझिलॲडेनिन हे सायटोकायनिन, साधारण १० आणि ५ मायक्रोमोलर, सोबत ग्लुटामिन, सामू ५.८ च्या आसपास, अंधार, तापमान २३ ते २५ अंश. दोन ते आठ आठवड्यांत गाभ्याच्या टोकाच्या छिद्रातून पांढरं काहीतरी बाहेर येऊ लागतं.

हे "काहीतरी" ओळखणं म्हणजेच अर्धी विद्या. नवे विद्यार्थी जो हिरवट-पिवळा, घट्ट, ढेकळासारखा कॅलस बघून आनंदतात, तो निरुपयोगी असतो. आपल्याला हवी ती ऊती पांढरी, काचेसारखी अर्धपारदर्शक, चिकट असते आणि तिच्या कडेला बारीक केसांसारखे तंतू उभे असतात. चिमट्याने एक कण उचला, काचपट्टीवर पसरा, आधी एसिटोकार्मिन आणि मग एव्हान्स ब्लू हे रंग घाला. सूक्ष्मदर्शकाखाली दाट, गोल पेशींची डोकी लालभडक दिसतात आणि त्यांना लागून लांबलचक निळ्या शेपट्या. ती लाल डोकी म्हणजे भ्रूण, निळ्या शेपट्या म्हणजे निलंबक, भ्रूणाला जोडलेला दांडा. लाल-निळं एकत्र जोडीने दिसलं की ऊती खरी. नुसत्या निळ्या पेशींचा गुंता दिसला तर ती ताटली टाकून द्या, उगाच पोसू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नात दडलेली अडचण. तुम्ही चाळीस वर्षं पारखलेलं झाड निवडलंत. पण त्याच्या बियांतली ऊती म्हणजे ते झाड नव्हे. ती त्याची संतती आहे, अर्धी वंशावळ वाऱ्याने आलेल्या परागाची. ज्या झाडाची पारख झाली त्याची ऊती म्हातारी, आणि जी ऊती कोवळी तिची पारख झालेली नाही. सूचिपर्णींच्या क्लोनिंगमधला खरा पेच एवढाच आहे, बाकी सगळं माध्यमाच्या टक्केवारीचं गणित.

यावर तोडगा द्रव नायट्रोजनने दिला. एका बीजातून निघालेली ऊती म्हणजे एक ओळ. ती हाताला लागली की तिचे दोन भाग करायचे. एका भागाची रोपं करून शेतात चाचणीला लावायची. दुसरा भाग एक दिवस सॉर्बिटॉलमध्ये ठेवायचा, बर्फावर डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं रसायन) मिसळायचं, मिनिटाला सुमारे ०.३ अंश इतक्या संथ गतीने उणे ४० पर्यंत उतरवायचं आणि मग उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवायचं. तिथे वय वाढत नाही. शेतातली झाडं आठ-दहा वर्षांची होऊन कोणती ओळ सरस ते कळलं की तीच ओळ टाकीतून काढायची. ऊती अजून भ्रूणावस्थेतच असते. झाड मोठं होतं आणि त्याचं बालपण टाकीत जपलेलं असतं.

हे शिकताना मी मोठी किंमत मोजली आहे. सुरुवातीच्या काळात स्प्रूसची एक सुंदर ओळ मी दीड वर्ष दर पंधरा दिवसांनी या ताटलीतून त्या ताटलीत हलवत राहिले. वाढ इतकी जोमदार की गोठवायची घाई वाटली नाही. शेवटी भ्रूण पक्व करणाऱ्या माध्यमावर ठेवली तर एकही भ्रूण उभा राहिला नाही. पेशी वाढणं शिकल्या होत्या, घडणं विसरल्या होत्या. तशी दुसरी प्रत कुठेच नव्हती. तेव्हापासून नियम असा: ऊती निघाल्यापासून तीन-चार महिन्यांच्या आत गोठवायची, मग पुढचं बोलायचं.

परिपक्वतेबद्दल थोडक्यात. ऑक्झिन आणि सायटोकायनिन काढून ॲब्सिसिक आम्ल हे बीज पिकवणारं संप्रेरक द्यायचं, स्प्रूसला ३० ते ६० मायक्रोमोलर, पाइनला बऱ्याचदा त्याहून जास्त. सोबत जेलन गम वाढवून माध्यम कडक करायचं, म्हणजे ऊतीला पाणी सहज मिळत नाही. तिला "आता बीज होण्याची वेळ झाली" असं वाटलं पाहिजे. आठ-बारा आठवड्यांत पांढऱ्या ऊतीवर पिवळसर, मेणासारखे भ्रूण उभे राहतात, डोक्यावर बीजपत्रांचा छोटासा मुकुट. मग अर्धवट सुकवणं, मंद प्रकाशात उगवण, आणि शेवटी कुंडी. प्रत्येक टप्प्यावर काही ओळी गळतात. कोणत्या ओळी टिकतात हे बरंच आईच्या जनुकीय घडणीवर अवलंबून असतं, म्हणून एकाच झाडाचे शंकू घेऊन बसू नका. निदान आठ-दहा मातृवृक्ष हवेत.

आता जनुक. सूचिपर्णींत परकं जनुक घालणं ही नवी गोष्ट नाही. १९९१ मध्ये लार्चमध्ये ॲग्रोबॅक्टेरियमच्या, म्हणजे वनस्पतीत जनुक घालू शकणाऱ्या मातीतल्या जिवाणूच्या, एका जातीने हे साधलं. १९९३ मध्ये व्हाइट स्प्रूसच्या कायिक भ्रूणांवर जनुक लावलेले सोन्याचे कण जीन गनने मारून पूर्ण रोपं मिळाली, आणि त्यांत बीटी या जिवाणूचं कीडरोधक जनुकही होतं. १९९८ मध्ये रेडिआटा पाइनमध्येही हे जमलं. आज बहुतेक जण ॲग्रोबॅक्टेरियम ट्यूमिफेशियन्स वापरतात, कारण त्यात जनुकाच्या प्रती कमी आणि नीटनेटक्या बसतात. जीन गनमध्ये तुकडे होऊन अनेक ठिकाणी विखुरतात.

करण्याची रीत साधी वाटते. ताजी, नुकतीच हलवलेली ऊती द्रवात मोकळी करायची, जिवाणू मिसळायचे, त्यांना चेतवणारं ॲसिटोसिरिंगोन घालायचं, दोन दिवस सोबत ठेवायचं. नंतर सेफोटॅक्झिम किंवा टिमेंटिनने जिवाणू धुवायचे आणि गाळणकागदावर पातळ थर पसरून कॅनामायसिन किंवा हायग्रोमायसिन या प्रतिजैविकावर निवड करायची, म्हणजे जनुक न मिळालेल्या पेशी मरतात. दोन-तीन दिवसांनी गस रंगचाचणी (घातलेलं जनुक काम करतंय का ते निळ्या रंगाने दाखवणारी) केली की ऊतीवर निळे ठिपके उठतात. त्या ठिपक्यांनी हुरळून जाऊ नका. बहुतेक ठिपके तात्पुरते असतात. जनुक पेशीत शिरलेलं असतं, गुणसूत्रात बसलेलं नसतं. दोन-तीन महिन्यांनी मेलेल्या तपकिरी थरातून जे मोजके पांढरे पुंजके वर येतात, ते तुमचे खरे उमेदवार. त्यांचीही पीसीआरवर (डीएनए शोधणाऱ्या चाचणीवर) खात्री करताना जिवाणू शिल्लक नाही ना हे आधी तपासा. ऊतीच्या भेगांमध्ये लपलेले जिवाणू महिनोन्महिने जगतात आणि ते खोटं "होय" देतात.

जनुक संपादनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या वर्षी नक्की विचाराल. २०२१ मध्ये व्हाइट स्प्रूस, रेडिआटा पाइन आणि जपानी सुगी या तिन्हींत क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राने, संपादन झाल्याचं प्रसिद्ध झालं. स्प्रूसमध्ये लक्ष्य असं निवडलं होतं की ते बिघडलं की रोप पांढरंफटक निघावं, म्हणजे डोळ्यांनीच निकाल कळतो. पण भात किंवा टोमॅटोचं गणित इथे लावू नका. तिथे पहिल्या पिढीत जनुकाच्या दोनपैकी एक प्रत बदलली तरी चालतं. पुढच्या पिढीत स्वपरागणाने दोन्ही प्रती बदललेलं रोप निवडता येतं आणि क्रिस्परचं यंत्र संकराने वेगळं काढून टाकता येतं. पाइनमध्ये पुढची पिढी यायलाच दहा-वीस वर्षं, आणि स्वपरागणाची संतती इतकी दुबळी निघते की बरीचशी बीजातच मरते. त्यामुळे दोन्ही प्रती पहिल्याच फेरीत बदलायला हव्यात, आणि आत घातलेलं यंत्र आतच राहतं. जीनोमचाही जाच आहे. २०१३ मध्ये नॉर्वे स्प्रूसचा जीनोम वाचला गेला, तेव्हा तो सुमारे २,००० कोटी आधारकांचा (डीएनएच्या अक्षरांचा) निघाला, माणसाच्या सहापट. जनुकं मात्र २८ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याहून फार वेगळी नाहीत. बाकी सगळा पुनरावृत्तींचा डोंगर. त्या डोंगरात तुमच्या जनुकाच्या मोडक्या प्रती विखुरलेल्या असतात आणि क्रिस्परला जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए त्यांनाही जाऊन चिकटतो. लक्ष्य निवडण्यात एक महिना जास्त घालवा, प्रयोगातलं वर्ष वाचेल.

कोणतं जनुक, हाही प्रश्न लहान नाही. कीडरोधासाठी बीटीचा अनुभव सर्वात जुना. व्हाइट स्प्रूसवर तो कळ्या खाणाऱ्या बडवर्म अळीविरुद्ध वापरला गेला आणि शेतातही तपासला गेला. मला त्यातली चिंता वेगळी वाटते. कापूस दर वर्षी बदलता येतो. जंगलातलं झाड तीस-चाळीस वर्षं तसंच उभं राहतं आणि अळीच्या त्या काळात पिढ्यांमागून पिढ्या होतात. एकाच बीटी जनुकावर एवढा काळ भिस्त ठेवणं मला पटत नाही. लाकडाच्या बाबतीत मोह लिग्निन, म्हणजे लाकूड ताठ ठेवणारा पदार्थ, कमी करण्याचा असतो, कारण कागदाच्या लगद्यातून ते काढायला रसायनं आणि ऊर्जा लागते. पण लिग्निन म्हणजे झाडाचा कणा. रेडिआटा पाइनमध्ये ते तयार होण्याच्या मार्गातलं ४सीएल हे विकर दाबलं, तेव्हा झाडं बोन्सायसारखी खुजी झाल्याचं २००९ मध्ये दिसून आलं. म्हणून वाढ न बिघडवता लिग्निनची घडण बदलण्यावर आता भर आहे.

पराग हा या सगळ्यातला सर्वात नाजूक मुद्दा. बहुतेक पाइनच्या परागाला दोन हवेच्या पिशव्या असतात. लॉबलॉली पाइनचा पराग ४१ किलोमीटर दूर समुद्रावर पकडला गेला आणि तरीही तो रुजण्याजोगा होता. झाडाभोवती कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही. त्यामुळे नरशंकू वांझ करणं ही दिशा मला सर्वांत आश्वासक वाटते. जपानमध्ये सुगीच्या परागाने लाखो लोकांना ॲलर्जीचा त्रास होतो, आणि तिथे क्रिस्परने परागहीन सुगी तयार करण्याचं काम झालं आहे. लोकांच्या आरोग्याचा आणि परागातून जनुक पसरण्याच्या भीतीचा प्रश्न एकाच बदलात सुटू शकतो. नियमांची तयारीही ठेवा. फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिल या जंगलांची व्यवस्था तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या जंगलात जनुकबदल केलेली झाडं लावता येत नाहीत. उलट २०१४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जीन गनने घडवलेलं, जास्त घन लाकडाचं एक लॉबलॉली पाइन तेव्हाच्या नियमांच्या कक्षेत येत नाही असं कळवलं, कारण त्यात ॲग्रोबॅक्टेरियमसारख्या रोगकारक जीवाचा अंश नव्हता. पद्धत बदलली की नियम बदलतो, हे प्रकल्प आखतानाच पाहा. लोकांशी बोलणंही प्रयोगाचाच भाग समजा. २०१२ मध्ये न्यूझीलंडमधल्या रोटोरुआजवळ रात्रीतून कुंपण तोडून चाचणीतली ३७५ पाइन रोपं उपटली गेली होती. वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

वर्षांचा हिशेब: हिरव्या शंकूपासून कुंडीतल्या जनुकयुक्त रोपापर्यंत, सगळं सुरळीत झालं तर दीड ते दोन वर्षं. कीडरोध दिसतो की नाही हे अजून दोन-तीन वर्षांत कळेल. वाढ आणि लाकूड यांबद्दल काही ठाम बोलायचं तर आठ-दहा वर्षांच्या आत बोलू नका. हे सर्व तुमच्या चाळीस वर्षांच्या झाडाच्या संततीत, खुद्द त्या झाडात नव्हे.

त्या झाडाला मात्र वाऱ्यावर सोडू नका. त्याच्या शेंड्याची कलमं कोवळ्या रोपांवर बांधा. वय प्रौढच राहील, पण ते इथे फायद्याचं आहे, कारण कलम लवकर शंकू धरतं आणि तुमच्या हाताच्या उंचीवर धरतं. मग बाप कोण हे वाऱ्यावर न ठेवता मादी शंकूंवर पिशव्या बांधून, दुसऱ्या पारखलेल्या झाडाचा पराग तुम्ही स्वतः द्या. त्या संकराच्या बियांतून निघालेली ऊती तुमच्या निवडीच्या सर्वात जवळची असेल.

तोवर या हंगामाला हे करा. फलनाचा काळ सुरू झाल्यापासून दर आठवड्याला निवडलेल्या प्रत्येक झाडाचे दोन हिरवे शंकू उतरवा, कागदी पिशवीत थंड ठेवा, पिशवीवर झाड आणि तारीख लिहा. त्यातल्या पाच-सहा बिया उभ्या चिरून भ्रूण किती मोठा झाला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून वहीत चित्र काढा, बाकीच्या माध्यमावर लावा. हंगामाच्या शेवटी कोणत्या तारखेच्या ताटलीत लाल डोकी निघाली ते त्या चित्रांशी ताडून बघा. तुमच्या झाडांची खिडकी कोणत्या आठवड्यात उघडते हे कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही, ते त्या वहीत मिळेल.